बंद होऊ घातलेला तरणतलाव वाचवायचा असेल तर

सार्वजनिक तरणतलाव बंद करण्याचा ठराव सहसा कुणी मांडत नाही. आधी एक मोटर जळते आणि दुरुस्तीला जाते. मग जीवरक्षकांचं कंत्राट संपतं, नवं निघत नाही. त्यानंतर गेटवर कागद लागतो: ‘दुरुस्तीच्या कारणास्तव पुढील आदेशापर्यंत बंद.’ तो पुढचा आदेश काही येत नाही. दोन पावसाळे गेले की तोच तलाव कागदोपत्री धोकादायक ठरतो आणि त्या जागेवर आणखी काहीतरी उभारायचा प्रस्ताव तयार होतो.

नागपुरातल्या आमच्या वस्तीतला तलाव याच वाटेला लागला होता. मी नोकरीभर पतसंस्थेत हिशेब पाहिला, चाळिशीनंतर याच तलावावर महिलांच्या बॅचमध्ये पोहायला शिकले, आणि तलाव वाचवायला जमलो तेव्हा कागदांचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. त्यातून एक पक्कं कळलं. तलाव ज्याच्या मालकीचा आहे त्याच्याहून जास्त माहिती आपल्याकडे हवी. जमाखर्च, वीजबिलं, जागेचं आरक्षण, भिंतीतल्या भेगा, सगळं. मग आपलं म्हणणं ऐकून घ्यावंच लागतं. ही सगळी तयारी गेटवर कागद लागल्यापासून पहिल्या काही आठवड्यांत सुरू व्हायला हवी.

पाणी उपसू देऊ नका

अर्जविनंत्यांच्या आधी हे बघा. तलाव बंद झाला की पहिला तोंडी हुकूम येतो तो पाणी काढून टाकण्याचा. आमचा फिल्टर ऑपरेटर सांगत आला, “काकू, साहेब म्हणते पाणी सोडून द्या, मच्छर होते.” डासांची काळजी खरी आहे. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात, आणि महापालिकेचं पथक आलं तर नोटीसही देतं. पण त्यावर उपाय पाणी फिरतं ठेवणं आणि क्लोरीन टिकवणं हा आहे. मोटर बंदच असेल तर निदान रोज हाताने मात्रा द्या आणि पृष्ठभाग जाळीने साफ करा.

नागपुरात रिकामा तलाव ठेवणं फार महागात पडतं, कारण इथली जमीन काळी. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. भरलेल्या तलावातल्या पाण्याचा भार आतून भिंतींना आणि तळाला तोलून धरतो. रिकाम्या तलावाला पावसाळ्यात बाहेरून माती रेटते, खालून भूजल वर ढकलतं. तळाला तडे जातात, टाइल्स सुटतात, कधी तळच उचलला जातो. मे महिन्यात रिकामा तळ ऊन खात राहिला तरी सांधे उघडतात. पाणी काढायचा लेखी आदेश मागा. लेखी मागितलं की बऱ्याचदा कुणी सही करायला पुढे येत नाही, आणि पाणी राहतं.

‘तलाव गळतो’ हे दुसरं नेहमीचं कारण. ते तपासायला तज्ज्ञ लागत नाही. बादलीत तलावाचंच पाणी भरा आणि ती तलावाच्या पायरीवर अशी ठेवा की बादलीतली आणि बाहेरची पातळी सारखी असेल. दोन्हीकडे खूण करा, मोटर बंद ठेवा, चोवीस तासांनी बघा. दोन्ही पातळ्या सारख्याच उतरल्या असतील तर पाणी फक्त उन्हाने उडालं. तलावाची जास्त उतरली असेल तर गळती आहे. मग हीच चाचणी मोटर चालू ठेवून पुन्हा करा. मोटर चालू असताना फरक वाढला तर पाइपातही गळती असण्याची शक्यता मोठी, आणि पाइपाची दुरुस्ती तलावाच्या टाकीपेक्षा सहसा स्वस्त पडते. खुणांचे फोटो तारखेसह काढा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. आमच्या फाइलमधलं सर्वांत उपयोगी पान हेच निघालं.

तलाव कुणाचा, जागा कशासाठी

नागपुरात हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात सोडवा, नाहीतर अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतात. तलाव महापालिकेचा असू शकतो, नागपूर सुधार प्रन्यासचा (शहरातल्या जमिनी आणि विकासकामं पाहणारी सरकारी संस्था) असू शकतो, राज्याच्या क्रीडा विभागाचा किंवा एखाद्या शिक्षणसंस्थेचाही. कधी जागा एकाची, बांधकाम दुसऱ्याचं आणि चालवायला तिसरा कंत्राटदार असतो. महापालिकेचा असेल तर शहराच्या १० झोनपैकी कोणता झोन आणि कोणता कार्यकारी अभियंता हे पाहून ठेवा. देखभाल अभियांत्रिकीकडे आणि बॅचेस क्रीडा विभागाकडे अशी वाटणी असली तर अर्ज दोघांनाही द्या.

त्यानंतर विकास आराखड्यात त्या जागेचं आरक्षण काय आहे त्याचा नकाशा आणि दाखला घ्या. जागा तरणतलाव, क्रीडांगण किंवा उद्यान म्हणून दाखवलेली असेल तर तिथे दुकानांचे गाळे परस्पर काढता येत नाहीत. आरक्षण बदलायचं तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ३७ खाली नोटीस काढून हरकती मागवाव्या लागतात, आणि त्याला महिनाभराची मुदत असते. त्या महिन्यात वस्तीतून घरटी वेगळी, वेगळ्या शब्दांत लिहिलेली हरकत गेली पाहिजे. एकच मजकूर झेरॉक्स करून खाली सह्या केल्या तर ती एकच हरकत धरली जाण्याची भीती असते.

कायद्यातली आपली कमकुवत बाजूही माहीत असू द्या. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात तरणतलाव कलम ६६ मध्ये येतो, म्हणजे महापालिकेने ठरवलं तर करायच्या कामांत. पाणीपुरवठा, मलनिस्सारणासारखं ते बंधनकारक काम नाही. त्यामुळे ‘हा आमचा हक्क आहे’ एवढ्यावर अडून बसलात तर अधिकारी शांतपणे कलम दाखवतात. तलाव चालवणं परवडतं आणि शहराच्या गरजेचं आहे, हे आपल्यालाच सिद्ध करावं लागतं.

माहिती अधिकाराचे अर्ज

एका अर्जात सगळं विचारू नका. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एका विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आतला हवा. तेव्हा विषय वाटून घ्या. एकीने पाच वर्षांच्या जमाखर्चाच्या बाबनिहाय नोंदी मागायच्या, दुसरीने वीज आणि पाण्याच्या बिलांच्या प्रती, तिसरीने कंत्राट आणि त्याची मुदतवाढ, चौथीने तलाव बंद करण्याच्या निर्णयाची फाइल टिपण्यांसह. संरचनात्मक तपासणीचा अहवाल असल्याचं कुणी सांगत असेल तर त्याची प्रत वेगळ्या अर्जाने.

‘तलाव का बंद केला’ असं विचारलं तर उत्तर टाळता येतं, कारण कायदा अस्तित्वात असलेली माहिती देतो, खुलासा देत नाही. म्हणून ‘बंद करण्याच्या आदेशाची आणि त्याआधीच्या टिपण्यांची साक्षांकित प्रत’ मागा. अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. उत्तराला ३० दिवस असतात. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प, आणि त्यानंतर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे दुसरं अपील. दुसऱ्या अपिलाला फार वेळ जातो, त्याच्या भरवशावर बसू नका. प्रत मिळायच्या आधीच फाइल पाहायला मागा. पाहणीचा पहिला तास मोफत असतो, आणि पानं उलटताना जे दिसतं ते मागून मिळणाऱ्या प्रतींपेक्षा जास्त असतं.

तलावाचा हिशेब

माझ्या मते अर्धी लढाई इथेच आहे. ‘तलाव तोट्यात आहे’ हे वाक्य प्रत्येक बैठकीत येतं आणि त्याच्या मागे एकच आकडा असतो. त्या आकड्याची फोड आपण करायची.

समजा तलाव २५ मीटर लांब, १२.५ मीटर रुंद, सरासरी खोली दीड मीटर. त्यात सुमारे ४ लाख ६९ हजार लिटर पाणी मावतं. पाणीटंचाईत लोक या आकड्याकडे बोट दाखवतात. २०१९ च्या जुलैमध्ये नागपुरात दिवसाआड पाणी आलं, ती आठवण अजून ताजी आहे, आणि लोकांचा राग मला समजतो. पण हे पाणी रोज बदलत नाहीत. तेच पाणी वाळूच्या फिल्टरमधून फिरतं. रोज भर घालावी लागते ती उडालेल्या पाण्याची आणि फिल्टर उलटा धुताना गेलेल्या पाण्याची. या तलावाचा पृष्ठभाग ३१२.५ चौरस मीटर, म्हणजे पातळी १ मिलिमीटर उतरली की ३१२.५ लिटर गेले. भर मेमध्ये दिवसाला १० मिलिमीटर उतरलं असं धरा, तरी ३,१२५ लिटर होतात. एका मध्यम टँकरपेक्षाही कमी. हा आकडा बैठकीत ठेवला की पाण्याचा मुद्दा मागे पडतो. फिल्टर धुतलेलं पाणी एका टाकीत दिवसभर ठेवून क्लोरीन उडाल्यावर बागेला देता येतं, तेही सांगा.

खरा खर्च विजेचा आणि माणसांचा. १० अश्वशक्तीची मोटर म्हणजे साधारण ७.५ किलोवॉट. दिवसाला १२ तास चालली तर ९० युनिट, महिन्याला २,७००. आता प्रत्यक्ष बिल समोर ठेवा. त्यात युनिट याहून फार जास्त दिसले तर मोटर जुनी आहे, फिल्टर तुंबला आहे, किंवा त्याच मीटरवर दुसरं काहीतरी चालतं. आमच्याकडे शेजारच्या इमारतीचे दिवे तलावाच्या मीटरवर निघाले. मंजूर भार गरजेपेक्षा जास्त असेल तर तलाव बंद असतानाही स्थिर आकार लागत राहतो. बिलावरचा ग्राहकवर्ग कोणता आहे तेही बघा. थकबाकी वाढून जोडणी कायमची खंडित होऊ देऊ नका. ‘पीडी’ झालेली जोडणी पुन्हा मिळवायला नव्या जोडणीसारखे सोपस्कार आणि पैसे लागतात.

क्लोरीनच्या खर्चातही नागपूरचं ऊन भर घालतं. पाण्यातला मोकळा क्लोरीन १ ते ३ पीपीएम (म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम) आणि पीएच ७.२ ते ७.८ च्या दरम्यान राहायला हवा. उघड्या तलावात दुपारचं ऊन क्लोरीन झपाट्याने खातं, म्हणून मोठी मात्रा सूर्यास्तानंतर द्यायची. सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहायचं. ही वही व्यवस्थित असेल तर ‘पाणी अस्वच्छ होतं’ या आरोपाला उत्तर देता येतं.

जमेच्या बाजूला बॅचेस बारकाईने मांडा. नागपुरात एप्रिल ते जून तलाव ओसंडून वाहतो, डिसेंबर-जानेवारीत सकाळी चार माणसंही उतरत नाहीत. वर्षाची सरासरी काढली तर उन्हाळ्याची ताकद दिसत नाही. म्हणून महिन्यागणिक तक्ता करा. शिकाऊ मुलांची बॅच, महिलांची बॅच, ज्येष्ठांची, शाळांची, सुटीतली शिबिरं, प्रत्येकीचं शुल्क आणि संख्या वेगळी. हिवाळ्यात मोटरचे तास कमी करून, दुरुस्ती त्याच दोन महिन्यांत उरकून खर्च किती उतरतो तेही दाखवा. एवढं करूनही तूट राहिली तर लपवू नका. बागेला, वाचनालयाला शहर पैसे देतंच. तूट नेमकी किती, आणि ती वर्षाला किती माणसांच्या वाट्याला जाते, हे प्रामाणिकपणे लिहा. तूट लपवलेला तक्ता लेखा विभागात दोन मिनिटांत उघडा पडतो आणि मग पुढच्या खऱ्या आकड्यांवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

माणसं कोणती पुढे करायची

सह्यांची मोहीम करा, पण नावापुढे प्रत्येकाने आपली बॅच आणि किती वर्षं येतो ते लिहावं. नुसत्या हजार सह्यांपेक्षा अशा दोनशे सह्यांना वजन येतं. निवेदन द्यायला जाताना पाच-सहा जणं पुरे: गुडघ्याच्या दुखण्यावर डॉक्टरांनी पोहायला सांगितलेल्या आजी, स्पर्धेला जाणारी एखादी मुलगी, मुलांना सायकलवर घेऊन येणारे वडील, जुने प्रशिक्षक. नागपूरच्या कांचनमाला पांडे यांनी दृष्टिहीन असताना २०१७ मध्ये मेक्सिकोतल्या जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलं. आपल्या शहरात पोहणाऱ्यांना पाणी मिळालं तर काय होऊ शकतं ते सांगायला हे नाव पुरेसं आहे.

उन्हाळ्यात खदानींमध्ये, तलावांत, कन्हान नदीच्या पात्रात मुलं बुडाल्याच्या बातम्या येतात. पोहायला शिकवणारी सुरक्षित जागा बंद केली म्हणून पोरं पाण्यात उतरायची थांबत नाहीत, ती खदानीत जातात. हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो रडवेल्या सुरात न मांडता आरोग्याच्या भाषेत मांडावा. महापालिकेचा उष्णतेच्या लाटेसाठी कृती आराखडा आहे. त्यात तलावाला जागा मागा.

वेळ साधणं फार महत्त्वाचं. लोकांना तलावाची आठवण एप्रिलमध्ये येते आणि तोवर अंदाजपत्रक झालेलं असतं. मागणीचं पत्र डिसेंबर-जानेवारीत आयुक्तांकडे, लेखा विभागाकडे आणि नगरसेवकांकडे पोचलं पाहिजे. मार्च २०२२ पासून महापालिकेवर प्रशासक होता, त्या काळात नगरसेवक नसल्याने लोकांनी आयुक्तांकडे थेट जायची सवय लावून घेतली. ती सोडू नका. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारच्या लोकशाही दिनात, म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी समोर ऐकतात त्या दिवशी, अर्ज द्या. तो पंधरा दिवस आधी द्यावा लागतो.

हिवाळी अधिवेशन आपल्याच शहरात भरतं, त्यामुळे मोर्चा काढायचा मोह होतो. मी तो काढू नका म्हणेन. त्या दिवसांत राज्यभरातले मोर्चे नागपुरात येतात, आपले पन्नास लोक त्या गर्दीत दिसतही नाहीत. त्याऐवजी दिवाळीच्या सुमारास आमदारांना भेटून तारांकित प्रश्नाचा (मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाचा) मसुदा हातात द्या. प्रश्न दाखल झाला की विभागाला उत्तरासाठी माहिती गोळा करावी लागते आणि अडलेली फाइल हलते. आमदार निधीतून मोटर, फिल्टर, कपडे बदलायच्या खोल्या होऊ शकतात. पगार आणि वीजबिल त्यातून निघत नाही, तेव्हा मागताना तेवढंच मागा.

तलाव आपणच चालवायला घ्यायचा झाला तर

इंग्लंडमध्ये २०११ च्या कायद्याने लोकांना अशी सोय आहे की समाजोपयोगी म्हणून नोंदलेली वास्तू विकायला निघाली तर स्थानिक गट सहा महिने विक्री थांबवून स्वतःची बोली तयार करू शकतो. न्यूकॅसल शहरातल्या जेस्मंड भागाचा तलाव तर त्याच्याही आधी, १९९१ मध्ये पालिकेने बंद केला आणि पुढच्या वर्षी रहिवाशांनी स्वतः चालवायला घेतला. आपल्याकडे असा कायदा नाही. इथे निविदेतूनच जावं लागतं.

त्यासाठी नोंदणीकृत संस्था हवी. किमान सात जण, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदणी, ती धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात. याला महिने लागतात, म्हणून निविदेची वाट न बघता आधीच सुरू करा. तलाव चालवायच्या निविदेत उलाढालीची आणि अनुभवाची अट असते. नवी संस्था तिथेच बाद होते. निविदापूर्व बैठकीत लेखी हरकत देऊन वापरकर्त्यांच्या संस्थेसाठी अट शिथिल करायला सांगा, किंवा अनुभवी जलतरण संस्थेबरोबर संयुक्तपणे भरा. ई-निविदेसाठी डिजिटल सही आणि बयाणा रक्कम आधी तयार ठेवा.

गटात रोज सकाळी साडेपाचला गेट उघडायला येणारी माणसं नसतील तर हे धाडस करू नका. अशा वेळी तलाव विभागानेच चालवावा आणि वापरकर्त्यांची देखरेख समिती लेखी आदेशाने नेमून घ्यावी. आम्ही हेच केलं. पाण्याची वही, जीवरक्षकांची हजेरी आणि महिन्याचा जमाखर्च समितीपुढे यायला लागल्यापासून मोटर जळाली तरी आठवड्यात परत येते.

करार करायची वेळ आलीच तर टाकीची, भिंतींची आणि भूमिगत पाइपांची मोठी दुरुस्ती मालकाकडे ठेवा. रोजची देखभाल आपली. वीजमीटर आणि नळजोडणी कुणाच्या नावावर, मागची थकबाकी कुणाची, शुल्क वाढवायचा अधिकार कुणाचा, महापालिका शाळांतल्या मुलांसाठी कोणते तास मोफत, अपघाताचा विमा कोण काढणार, मुदतीआधी करार मोडायचा तर नोटीस किती दिवसांची, हे एकेक ओळीत स्पष्ट लिहून घ्या. जीवरक्षक पाण्यावर नसेल तर बॅच होणार नाही, हे कलम आपणहून घाला.

ताबा घेण्याआधी मालकाच्या अभियंत्यासोबत जागेचा पंचनामा करा. प्रत्येक भेगेचा फोटो, मीटरचं रीडिंग, मोटरचा क्रमांक, फिल्टरमधल्या वाळूची स्थिती, तुटलेल्या टाइल्सची संख्या, शिडीचे सैल झालेले बोल्ट, पाण्याची पातळी. पंचनाम्यावर दोघांच्या सह्या झाल्यावरच ताबापावतीवर सही करा.